निळ्या गाडीचं शिलंगण

आश्विनातलं कोवळं, केशरभिजलं ऊन पंचगंगेवरून उठलं, उसाच्या पात्यापात्यांवरून निथळलं आणि निवृत्ती मिस्त्रींच्या गॅरेजात, निळ्या गाडीच्या पाठीवर येऊन विसावलं. आकाशनिळी, जलनिळी, मोरकंठी निळी गाडी. साठ वर्षांची, तरी अजून लखलखती. दसरा आठ दिवसांवर आला होता.

ती गाडी सरनोबतांच्या थोरल्या मालकांनी मागवली, ती एका पायासाठी. लेक मृणालिनी लहान असताना तापाने तिच्या डाव्या पायातलं बळ नेलं. म्हणून बापाने हट्टाने आणली आपोआप गिअर बदलणारी गाडी. क्लच नाही, पायाशी दोनच पायडलं, आणि दोन्ही उजव्या पायाची. एका पायाच्या लेकीला बापाने चार चाकं दिली.

तेव्हापासून दर दसऱ्याला मृणालिनी, गावाच्या ताईसाहेब, स्वतः गाडी हाकत शिवेबाहेरच्या आपट्यापर्यंत जात, शिलंगणाचं सोनं घेऊन परतत. जमिनीवर काठीच्या आधाराने अडखळणारी ही बाई स्टीअरिंगमागे बसली की वारा होई. दसऱ्याला नीळकंठ पक्षी दिसावा तसा लोक तिच्या गाडीचा शकुन मानत. तो नीळकंठ आपल्या हातांवर उडतो, याचा मिस्त्रींना गर्व होता.

यंदा गाडी घेऊन ताईसाहेबांचा भाचा आला, यशोधन. म्हणाला, गिअर उशिरा पडतो, धक्के देतो. हे जुनं धूड काढा आणि साधा, हाताने टाकायचा गिअरबॉक्स बसवा. मिस्त्रींनी खालून पाहिलं. तेल करपलं होतं, आतला एक पट्टा सैल झाला होता. दोन दिवसांचं काम आहे, असं त्यांनी सांगून पाहिलं.

"आत्यानंच सांगितलंय," यशोधन म्हणाला. "ती आता चालवणार नाही."

ताईसाहेबांना फोन करावा, असं मिस्त्रींच्या एकदा मनात आलं. पण त्या घरची रीत होती: गाडी बाईंची, तिच्याविषयीचं बोलणं मात्र पुरुषांशी. आधी थोरल्या मालकांशी, मग भावाशी, आता भाच्याशी. चाळीस वर्षांत त्यांनी ताईसाहेबांना गाडीबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता. अदब, अदब म्हणता म्हणता माणूस भित्रा होतो, तो असा. त्यांनी फोन केला नाही, पाना हातात घेतला.

मग उतरला तो गिअरबॉक्स, तेलकाळा, जड, अजून ऊब धरून असलेला. गाडीच्या तळाला भोक पडलं, त्यातून गिअरची दांडी उभी राहिली, ब्रेकच्या डावीकडे तिसरं पायडल बसलं, क्लचचं, डाव्या पायाचं. काम देखणं झालं. पाप करतानाही हात कसब विसरत नाहीत. यशोधनने जुना गिअरबॉक्स टेम्पोत घालून ओतकामाच्या भट्टीकडे धाडला, आणि मिस्त्रींनी तो डोळ्यांदेखत जाऊ दिला.

खंडेनवमीला त्यांनी हत्यारं धुतली, पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं. त्या दिवशी हत्यार चालवायचं नसतं. हा दिवस आठवडाभर आधी उगवला असता तर, असं त्यांना वाटलं.

दसरा उजाडला. पिवळंधमक ऊन, पिवळेधमक झेंडू. माळ ल्यालेली गाडी फाटकाकडे तोंड करून सरनोबतांच्या अंगणात उभी राहिली, शेजारी यशोधन आणि मिस्त्री. पायरीपायरीने काठी वाजली. ताईसाहेब आल्या हिरव्या इरकलीत, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, आणि त्यांच्या मुठीत किल्ली होती.

किल्ली पाहिली आणि मिस्त्रींना कळलं, बाईंनी यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

ताईसाहेब स्टीअरिंगमागे बसल्या. साठ वर्षांच्या सवयीने डावा पाय दोन्ही हातांनी उचलून त्यांनी आत घेतला. मग त्यांची नजर खाली, पायडलांवर गेली.

"निवृत्ती, हे तिसरं कोणासाठी?"

यशोधन घाईने म्हणाला, या वयात तुला कशाला त्रास, मी नेतो की. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"ताईसाहेब, तुम्हीच सांगितलंय असं मला..." मिस्त्रींचं वाक्य तिथेच खचलं.

"मला एकदा विचारायचंस."

जुना परत बसवून देतो, असं त्यांच्या ओठांवर आलं. पण भट्टी आठवली, वितळून गेलेलं ते धातूचं पाणी आठवलं.

ताईसाहेबांनी तो निर्बळ पाय पुन्हा दोन्ही हातांनी उचलला आणि अलगद तिसऱ्या पायडलवर ठेवला. पाय घसरला. त्यांनी पुन्हा ठेवला. फाटक उघडं होतं, रस्ता उघडा होता, पलीकडे शिवेवर आपटा सोनं होऊन उभा होता. झेंडूची एक पाकळी काचेवरून ओघळली. पाय पायडलवर होता, आणि पायडल जागचं हललं नाही.