काळ्या शाईत श्रीमंत आबा

दिपालीचं त्या दिवशीचं वागणं मला अजिबात पटलं नाही. आजोबांचा काळा-पांढरा फ्लेक्स छापायला लावला होता तिनं. माझ्या पोटातून आधी म्हाताऱ्याचं कपाळ बाहेर आलं, मग भुवया, मग ते खोल गेलेले डोळे. कुणाचाही जीव गलबलावा. आणि ही पोरगी टाचा उंचावून बघत होती आणि हसत होती. वर मोबाइल काढून फोटो घेतला आणि कुणाला तरी पाठवला. मी मनात म्हटलं, काळीज आहे का दगड आहे हिला?

मित्रांनो, मी एक जुनी मशीन आहे. फ्लेक्स छापणारी. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका बोळात गुरुलिंग अण्णांचं दुकान आहे. तिथं उजव्या भिंतीला दोन खाटा शेजारी शेजारी टाकाव्यात एवढी जागा अडवून मी उभी असते. लाकडी पेटीत बसून मी लांबून आले. पेटी फोडली तेव्हा अण्णांच्या आईनं मला हळदीकुंकू लावलं, माझ्यासमोर नारळ फोडला आणि नारळाचं पाणी माझ्यावर उडू नये म्हणून पदर आडवा धरला. एवढा मान नव्या सुनेलाही मिळत नाही.

पुढं मी काम केलं ते विचारू नका. या शहरातला एकही चौक असा नाही, जिथं मी छापलेला माणूस हात जोडून उभा राहिलेला नाही. बारशाची बाळं मी छापली, काळे गॉगल लावलेली. नवरदेव छापले, निवडून आलेले छापले आणि पडलेलेही छापले. मंद्रूपच्या एका हौशी माणसानं आपल्या बोकडाचा वाढदिवस केला, तो बोकडही मीच छापला, गळ्यात हारासकट. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत तर मला उसंत नसायची. लोक दुकानात येऊन म्हणायचे, अण्णा, तुमच्या मशीनवर माणूस गोरा येतो हो.

शाळा मी पाहिली नाही. जे छापलं तेच शिकले. त्यामुळं मला ‘हार्दिक’ वाचता येतं, ‘शुभेच्छुक’ वाचता येतं आणि ‘भावपूर्ण’ वाचता येतं. शिक्षण थोडं, पण पक्कं. रंगीत माणूस म्हणजे त्याचं काहीतरी चांगलं झालंय. काळा-पांढरा माणूस म्हणजे तो गेला. हे मलाच नाही, रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला कळतं.

मग समोरच्या भिंतीला नवीन मशीन आली. पातळ, पांढरी, भराभर छापणारी. तिच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. तिला अजून काही कळत नाही, एवढंच बोलेन. रंगीत कामं तिच्याकडं गेली. मला कुणी हात लावेना, तशी माझ्या गुलाबी शाईची नळी वाळून बसली. आमच्या शाया चारच असतात बघा, काळी, पिवळी, निळी आणि गुलाबी. सगळे रंग त्यांच्यातूनच करायचे. गुलाबी गेली की तांबडा गेला, केशरी गेला, माणसाच्या गालावरची कळा गेली. अण्णांनी नळी साफ करायची आज-उद्या करत ठेवली आणि माझ्याकडं फक्त श्रद्धांजलीची कामं राहिली. आनंदाची सगळी गर्दी पलीकडं आणि माझ्यासमोर डोळे पुसत उभी असलेली माणसं. मी तेही मान खाली घालून, नीट केलं.

दिपाली या दुकानात दुपारची डिझाइन करायला बसते. मूळची वळसंगची, मेंढरवाल्यांच्या घरातली. इथं सोलापुरात कॉलेजात सिनेमा करायला शिकते. काम नसलं की ती दुकानाच्या कॉम्प्युटरवर आपलं स्वतःचं काहीतरी उघडून बसायची. कॉम्प्युटरचं तोंड माझ्याकडं आहे, त्यामुळं मला सगळं दिसायचं. पडद्याच्या खालच्या बाजूला चित्रांची एक लांब पट्टी असायची. ती पट्टी ही पोरगी मधेच कापायची, एक तुकडा उचलून पुढं न्यायची, पुन्हा मागं आणायची, बघायची, डोकं खाजवायची. मला फार कुतूहल वाटायचं. मी एकदा छापलं की छापलं. हिचं मात्र झालेलं काही होतच नव्हतं.

वर दिसायचा तो एकच म्हातारा. माळावरून मेंढरं घेऊन पाठमोरा चाललेला. कधी उन्हात, कधी धुळीत, पण चाललेलाच. मागं बासरी वाजायची. शेवटी तो टेकडीपलीकडं दिसेनासा व्हायचा आणि पडदा काळा व्हायचा. तो काळा पडदा दिपाली पुनःपुन्हा बघायची. मला वाटलं, आजोबांच्या आठवणीत पोरीचं मन लागत नाही. म्हणून तर फ्लेक्स छापताना ती हसली, तेव्हा माझ्या रागाला पारावार राहिला नाही.

फ्लेक्स तिनं केला होता मात्र देखणा. मधोमध नुसता चेहरा. सुरकुती न सुरकुती दिसत होती. खाली मोठ्या अक्षरांत रविवारची तारीख, आणि तिच्याही खाली अगदी बारीक, केसासारख्या अक्षरांत काहीतरी. ते मला वाचता आलं नाही. अण्णांनी विचारलं, एखादं फूल, दिवा, काही टाकायचं का कोपऱ्यात. ती म्हणाली, अण्णा, काही नको, साधाच छान दिसतो. फ्लेक्स वाळला, दोरी ओवायला कडेला रिंगा मारल्या, आणि तो वळसंगला चौकात लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला घरून फोन आला. ती उभी राहिली, खाली बसली, पुन्हा उभी राहिली. फोनवर एवढंच म्हणत होती, अगं पण खाली लिहिलंय की, खाली लिहिलंय की. मग चप्पल उलटी घालून पळाली.

त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी दुकानाच्या पायरीवर एक माणूस उभा राहिला. तांबडा पटका, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. तोच चेहरा. सुरकुती न सुरकुती. मित्रांनो, मी त्या वेळी एका शिक्षकाला श्रद्धांजली छापत होते, ती अर्ध्यात थांबली. अण्णा खुर्चीवरून उठले आणि “शिवा, शिवा” म्हणत भिंतीला टेकले.

“भ्या नगा,” म्हातारा म्हणाला. “मला मारलं ते दुकान हेच का, एवढंच बगाय आलोय.”

ते श्रीमंत आबा. मागोमाग दिपाली आत आली, मान खाली घालून. मग आबांनी बसून, पाणी पिऊन, सगळं सांगितलं. ते दुपारी मेंढरं कोंडून घराकडं येत होते, तर त्यांची बहीण बनाबाई मंद्रूपहून आलेली, गल्लीतून मोठ्यानं रडत चाललेली. चौकातला फ्लेक्स कुणीतरी तिच्या नातवाला मोबाइलवर पाठवला होता. आबा तिच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. तिनं आधी त्यांच्या पाठीत धपाटा घातला, मग गळ्यात पडून पुन्हा रडली. आबा म्हणाले, रडं निम्म्यावर आलेलं, ते ती कुटं ठिवणार? संध्याकाळपर्यंत माणसं येतच राहिली. आबा स्वतः दारात बसलेले आणि सून चहा करून करून दमलेली. रविवारची तारीख लोकांना दिवसकार्याची वाटली होती. घरी आलोच आहोत तर म्हणून कुणी लवकर उठेनाही.

अण्णांना हसू आवरेना. आबाही हसले. पण मग थांबले आणि काठीच्या टोकाकडं बघत म्हणाले, “वाईट एवढंच वाटलं, अण्णा. ‘कसा गेला’ म्हणून कुणी बी इचारलं न्हाय. समदे म्हनत हुते, वय झालंच हुतं.”

अण्णांनी पाण्याचा तांब्या पुन्हा त्यांच्यापुढं सरकवला.

मग दिपाली बोलायला लागली, तेव्हा मला उलगडा झाला. दिपालीनं आबांवर सिनेमा केला होता. रविवारी तो वळसंगच्या शाळेच्या पटांगणात पहिल्यांदा दाखवायचा होता, नंतर कॉलेजच्या स्पर्धेला जायचा होता. फ्लेक्स त्याची जाहिरात होती आणि खालच्या त्या बारीक अक्षरांत सिनेमाचं नाव होतं. आणि आबा सांगायला आले होते, की सिनेमा दाखवायचा नाही, पटांगणात ते पाय ठेवणार नाहीत. एकदा मेलो तेवढं बास.

दिपालीचा चेहरा पडला. तिनं त्यांना समजावलं, की चौकातले सगळे फ्लेक्स सारखेच भडक असतात, म्हणून तिला वेगळा, शांत करायचा होता. आबांनी मान हलवली. फोटो झ्याक आहे म्हणाले, आपण एवढे देखणे आहोत हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण जमणार नाही.

“तुमी आला न्हाईत तर मी दाखवणारच न्हाई,” दिपाली म्हणाली. “वर्षभर तुमच्या मागं मागं फिरले आबा. निदान हे बघून तरी नाही म्हणा.”

तिनं ती चित्रांची पट्टी उघडली. तिला ती ट्रेलर म्हणत होती. आबांनी विचारलं, ट्रेलर म्हणजे काय. ती म्हणाली, सिनेमा कसा आहे ते लोकांना आधी थोडंसं दाखवायचं.

“म्हंजे मेंढी इकताना दात दावत्यात, तसं?”

“व्हय आबा, तसंच.”

ट्रेलर सुरू झाला. आबा पाठमोरे चालले, उन्हात चालले, धुळीत चालले. बासरी वाजली. टेकडीपलीकडं गेले. काळा पडदा.

“मला माझंच लई वाईट वाटलं बघ,” आबा म्हणाले. “पर ह्यात माझं त्वांड कुटं हाय? तू तर नुसती शेपटी दावलीस.”

“ट्रेलरमधी सगळं सांगायचं नसतं, आबा.”

“सगळं नगं सांगू. जिता हाय एवढं तरी सांग की.”

दिपाली काहीतरी उलट बोलणार होती. ओठ हललेही. पण तिनं कॉम्प्युटरमधला दुसराच एक कप्पा उघडला. मला तो आजवर कधी दिसला नव्हता. तिनं नको म्हणून टाकलेले तुकडे त्यात होते. बघते तर काय, हे आबा केवढे बोलतात. एका मेंढ्याला त्याच्या सात पिढ्यांसकट शिव्या देत होते. कॅमेऱ्यात डोळा घालून विचारत होते, चालू झालं का गं हे? एका ठिकाणी कोकराला बाजूला घेऊन दिपालीलाच ओरडत होते, की तुझ्या यंत्रापायी ह्याचं दूध पिणं ऱ्हायलं. आणि हसत होते, तोंडात होते नव्हते तेवढे दात दाखवून. दिपालीनं ते सगळं कापलं होतं, कारण त्यात तिच्या स्वतःच्या हसण्याचा आवाज आला होता.

मग ती दोघं शेजारी शेजारी बसली. आबा काठीनं पडद्याकडं दाखवायचे, हे ठेव. सरपंचाबद्दल ते काही बोलले होते, त्यावर म्हणाले, हे काढ, तो पुढं बसणार हाय. बासरी गेली, मेंढरांचा आवाज राहिला. टेकडीपलीकडं जाणारा तुकडा दिपालीला जीव की प्राण होता. तो काढायला तिचा हात धजेना.

“ऱ्हाऊ दे त्यो,” आबा म्हणाले. “जाताना बी दाव. पर आदी येऊ दे मला.”

फ्लेक्सही नवा करायचा ठरला, हसणाऱ्या आबांचा, रंगीत, आणि सिनेमाचं नाव चेहऱ्याएवढं मोठं. पण पलीकडची गोरी त्या दिवशी कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसात अडकलेली. अण्णा म्हणाले, तीन दिवस तरी तिला मोकळी करता येणार नाही. दिपालीनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, बाई, आता कशाला बघतेस.

तिनं बाह्या सारल्या. औषध पिचकारीत भरलं आणि माझी वाळलेली नळी धुवायला घेतली. थेंब थेंब गुलाबी पाणी तिच्या ड्रेसवर पडलं, तिनं बघितलंही नाही. पहिली पट्टी छापली तर आबांचा पटका पिवळा आला. आबा म्हणाले, लगीन हाय व्हय माझं? तिनं पुन्हा धुतलं. पुन्हा पिवळा. तिसऱ्या वेळी माझ्या छातीत काहीतरी मोकळं झाल्यासारखं वाटलं, आणि पटका तांबडा आला. खरा तांबडा. मग गाल आले, मग ते दात. आबा ओल्या शाईला बोट लावायला गेले आणि दिपालीनं त्यांचा हात धरला. कितीतरी दिवसांनी माझ्यासमोर उभं राहून कुणी डोळे पुसत नव्हतं.

निघताना अण्णांनी विचारलं, तो चौकातला जुना फ्लेक्स परत आणू का, मेंढरांच्या कोठ्यावर टाकायला होईल.

“कोट्यावर नगं,” आबा म्हणाले. “चांगला गुंडाळून ठेवा. फुडं लागंलच की.”

सोमवारी दिपाली दुकानात आली ती बोलतच. पटांगण भरलं होतं. निम्मी माणसं सिनेमा बघायला आली होती आणि निम्मी आबा खरंच आहेत का ते बघायला. आबा पहिल्या रांगेत बनाबाईशेजारी बसले आणि सिनेमाभर पडद्यावरच्या स्वतःला उत्तरं देत राहिले. कुणाला काही ऐकू आलं नाही, आणि कुणाची तक्रारही नव्हती. स्पर्धेत काय होईल ते माहीत नाही, म्हणाली. मग तिनं मला चालू केलं, बारशाचं एक काम लावलं आणि ओढणीनं माझ्या अंगावरची धूळ पुसली.

मित्रांनो, मशीनला रोज थोडं चालवावं, नाहीतर तिचे रंग आतल्या आत वाळून जातात. माझी विनंती एवढीच. पण दिपालीला सांगायचं वेगळं होतं, आणि ते मी पोटात ठेवलं नाही. रोल फिरत होता, बाळाचं जावळ बाहेर येत होतं, तेव्हा मी माझ्या खरखरीत आवाजात तिला तोंडावर सांगितलं:

“ऐक गं दिपाले. हात तुझा चांगला आहे, कुणी नाही म्हणणार नाही. पण ज्याचं तोंड छापायचंय ते आधी त्याला दाखवत जा, मग गावाला. आपल्याच मयताला आलेल्यांना चहा पाजणारा म्हातारा तुला दर वेळी मिळायचा नाही.”