दुमडलेला पाइप

सिसोची जीपनी, मागे समोरासमोर बाकं असलेली लांब प्रवासी जीप, हँडब्रेकवर घसरत गॅरेजच्या दारात थांबली, तेव्हा सेब्यो वासिंग नुकताच भाताचा डबा उघडून बसला होता. वय साठ. पहाटेपासून एका भाजीच्या ट्रकचा गिअरबॉक्स उतरवून पाठीचा पार भुगा झालेला. त्याने घास तोंडात घातला. गाडीकडे बघितलंच नाही.

"मानोंग, ब्रेकचं पायडल खाली जातंय," सिसो खिडकीतून ओरडला. इकडे थोरल्याला मानोंग म्हणतात, थोरलीला मनांग. "तीनदा मारावं तेव्हा कुठं लागतं. बघ ना जरा."

"जेवू दे."

"दोनची फेरी आहे. मागं बारा जण बसलेत, खाली ला त्रिनिदाद गावात उतरायचंय."

भाजीवाल्या अपोलोनियाने मागून डोकं बाहेर काढलं. "उठतोस का सेब्यो? माझा पाला सुकतोय. तुझं तोंड बघायला नाही आले मी इथं."

"मनांग, तोंड बघायचं होतं तर तीस वर्षांपूर्वी यायचंस."

आतल्या बायका खिदळल्या. सेब्यो हसला नाही. डब्याला झाकण लावून गुडघ्यावर हात टेकत उठला.

डबीतलं ब्रेक ऑइल तळाला गेलं होतं. पुढच्या उजव्या चाकाची आतली बाजू ओली. त्याने बोट फिरवलं, वास घेतला. गिअरचं ऑइल जाड असतं, सडक्या अंड्यासारखं घाण मारतं. हे पाण्यासारखं पातळ होतं आणि जिथं जिथं ओघळलं होतं तिथला रंग उकलून निघाला होता. जॅक लावला, चाक काढलं, हातोडीने ठोकत ड्रम उतरवला. आतल्या ब्रेक सिलिंडरच्या टोकाची रबरी टोपी उचलल्याबरोबर ऑइल भळाभळा मनगटावर आलं. ब्रेकचे लायनर भिजून चिंब.

"सिलिंडर गेला."

"मग दुमड त्याचा पाइप," सिसो म्हणाला. शर्टाची बाही दुमड म्हणावं तसं.

डोंगरातली ही रीतच. एखाद्या चाकाचं ऑइल गळायला लागलं की तिकडे जाणारा पाइप दुमडायचा, हातोडीने चेपायचा. गळती बंद. उरलेल्या तीन चाकांवर गाडी हाकायची, नवा सिलिंडर मिळेपर्यंत. तो नवा सिलिंडर कधीच मिळत नाही, कारण गाडी चालतेय तोवर कोणाला त्याची पडलेली नसते. मेकॅनिकला नसते, ड्रायव्हरला नसते, आणि आत बसलेल्यांना तर कोणी सांगतच नाही.

सेब्यो मागच्या चाकांखाली सरकला. डाव्या बाजूचा पाइप दुमडलेला. दोन घड्या, वर एक चपटा घाव. असा घाव या रस्त्यावर एकच माणूस घालतो. तो स्वतः. चार महिन्यांपूर्वीचा. 'चार दिवसांत ये' असंही तेव्हा म्हणाला होता, आणि पाचव्या दिवशी विसरून गेला होता.

मग त्याने मान उजवीकडे वळवली. तिकडचाही पाइप दुमडलेला.

"हा कोणी केला?" त्याने खालूनच विचारलं.

"खालच्या वळणावरच्या गॅरेजात. महिना झाला."

म्हणजे मागे ब्रेकच नव्हता. आता पुढचं उजवं बंद केलं की राहिलं एक चाक. तेही पुढचं, डावं. ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढणार. उतरताना डावीकडे दरी.

सेब्यो बाहेर आला. "नाही दुमडणार."

"का? गेल्या वेळी तूच केलंस की!"

"केलं. चुकलं."

"वा! आज शहाणपण सुचलं." सिसोचा आवाज चढला. "फेरी बुडाली तर स्टँडवरच्या रांगेतला नंबर जातो माझा. माहितेय ना? तू नको करू. चाक बसवून दे, हँडब्रेकवर खालच्या गॅरेजात जातो. तो पाच मिनिटांत करून देईल."

आणि त्याने दिलंच असतं करून. सेब्योला भांडायचं नव्हतं. भांडायला जीव लागतो, तो गिअरबॉक्सने खाल्ला होता. त्याने फळीवरची हॅक्सॉ उचलली, परत मागच्या चाकाखाली शिरला आणि डावीकडचा, स्वतःच दुमडलेला पाइप घडीच्या अलीकडे कापला. उरलंसुरलं ऑइल खाली ओघळलं; आता पायडल कितीही मारलं तरी एकही चाक धरणार नव्हतं. तो तुकडा घेऊन तो जीपनीच्या मागच्या दाराशी गेला.

"मनांग, हे बघ. मागच्या दोन्ही चाकांना असं आहे. ब्रेक नाही. यातलं एक काम माझं."

"म्हणजे काय?" अपोलोनियाने तुकडा हातात घेऊन उलटापालटा केला.

"म्हणजे महिनाभर तुम्ही पुढच्या दोन चाकांवर डोंगर उतरताय. आज एकावर उतरला असता."

मग अपोलोनियाने टोपली उचलली आणि खाली उतरली. "माझी नात येते रोज या गाडीनं," ती म्हणाली. "शाळेला. तुला तोंड वर करून सांगवतं कसं रे हे?"

एकेक करत सगळे उतरले आणि पाठीमागून येणाऱ्या गाडीची वाट बघत रस्त्याकडेला उभे राहिले. एकजण मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणाला, याच्याकडे आता सायकलसुद्धा द्यायची नाही.

सिसोने टायरला लाथ घातली. आई काढली. मग खाली जाणाऱ्या एका ट्रकला मागून लटकत सिलिंडर आणायला गेला.

तो परत आला तेव्हा धुकं रस्त्यावर उतरलं होतं. तीन सिलिंडर, दोन नवे पाइप, लायनर. सेब्यो कामाला लागला. दोघांत 'पाना दे, पाना घे' यापलीकडे बोलणं नाही. पण पाइपांत शिरलेली एअर काढायला एक माणूस पुरत नाही. एकाने पायडल मारायचं, दुसऱ्याने चाकाशी निपल, म्हणजे हवा सोडायचा बारका स्क्रू, सैल करायचं.

"दाब," सेब्यो खालून म्हणाला.

सिसोने दाबलं.

"धर. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही."

निपलमधून फेस आला, बुडबुडे आले. ऑइल हाताच्या चिरांत शिरून झोंबत होतं. त्याने निपल आवळलं.

"सोड. दाब. धर."

मागची दोन चाकं झाली. पुढच्या उजव्याला बुडबुडे थांबेनात. वर सिसोची पोटरी थरथरत होती, पायडलबरोबर ती थरथर खाली पान्यापर्यंत येत होती.

"पाय भरून आला, मानोंग," सिसो म्हणाला. दुपारनंतर पहिल्यांदाच नीट आवाजात.

"माझाही हात," सेब्यो म्हणाला. "अजून हवा आहे. दाब."