मधली फळी अडकते तेव्हा

मी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या सभाघरातली मधली फळी बोलतेय. एकटीदुकटी नव्हे हं! अक्रोडाच्या कितीतरी फळ्या जोडून केलेली, चांगली भिंतीएवढी आहे मी. दोऱ्या ओढल्या की माळ्याकडे जाते, सोडल्या की खाली उतरते.

प्रार्थनेच्या वेळी मी वर. कामकाज सुरू झालं की खाली. मग एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बायका. दोन्हीकडची गुपितं ऐकणारी साऱ्या गावात मी एकटीच!

आणि प्रार्थना तरी कसली? ना पाद्री, ना गाणं, तासभर नुसतं गप्प बसायचं. आतून वाटलं तर उठून बोलायचं. मला तर जांभया येतात. पण माणसं मोठी हट्टी आणि भली. न्यायाधीशापुढेसुद्धा टोपी काढायची नाहीत, त्यालाही अरे-तुरेच करायची. शपथ घ्यायची नाही, कारण एरवी काय आम्ही खोटं बोलतो? या असल्या हट्टापायी यांचे आजे-पणजे तुरुंगात जाऊन आले.

इथे हात वर करून मतं मोजत नाहीत. सगळ्यांचं मन मानलं तरच ठराव. एकाने जरी "माझं मन मानत नाही" म्हटलं, की विषय पुढच्या महिन्यावर.

याच एका वाक्यावर टेसीचं लग्न अडलं होतं.

टेसी विधवा. दिराकडे, मॅहलॉनकडे राहायची. चाकं बनवणाऱ्या एनॉसशी तिला लग्न करायचं होतं. आमच्यात लग्नाला दोन्ही सभांचा होकार लागतो. बायकांनी केव्हाच दिला. पुरुषांकडे मात्र दर महिन्याला मॅहलॉन उठायचा, घसा खाकरायचा आणि म्हणायचा, "माझं मन मानत नाही."

का, ते कुणी विचारायचं नाही. ज्येष्ठ माणूस पडला ना! बिचारी टेसी बायकांच्या बाजूला बसून नुसती बोटं मोडायची. मला तिची फार दया यायची आणि मॅहलॉनचा अस्सा राग यायचा!

एकदा आठवडाभर पाऊस लागला. लाकूड फुगलं म्हणा, नाहीतर माझी खोडी म्हणा, पण मी खाली उतरताना जमिनीच्या वीतभर वरच अडकले. पुरुषांनी ओढलं, ढकललं, एकाने तर लाथही घातली. मी ढिम्म. शेवटी म्हणाले, राहू दे.

मॅहलॉन उठला. "माझं मन मानत नाही."

एनॉसचा संयम सुटला. "अरे, पण का? माझ्यात खोट काय आहे, ते तरी सांग!"

खोटं तर बोलता येत नाही. मॅहलॉन लालेलाल झाला. "तुझ्यात नाही रे. पण... ती गेल्यावर मला मक्याची भाकरी कोण करून घालणार?"

माझ्याखालून शब्द न् शब्द बायकांकडे पोचला. तिथली सगळ्यात म्हातारी हेप्झिबा गुडघ्यांवर बसली आणि फटीला तोंड लावून ओरडली, "मॅहलॉन! उद्या सकाळी बाह्या वर करून माझ्याकडे ये. भाकरीच काय, मुरंबासुद्धा शिकवते!"

सभाघरात एवढं हसू मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्या दोऱ्यासुद्धा हलल्या.

मॅहलॉन हसला नाही. हळूच म्हणाला, "भाकरीचं निमित्त गं. रिकामं घर खायला उठतं, त्याची भीती वाटते."

 माझा राग कुठल्या कुठे गेला.

टेसी फटीपाशी वाकली. "अरे, मग इतके महिने बोलला का नाहीस? गिरणीपलीकडे तर जातेय मी. रोज संध्याकाळी आमच्याकडे जेवायला ये. एनॉस, चालेल ना?"

"चालेल की! पण आधी त्याला हो म्हणू दे!"

मॅहलॉनने बाहीने नाक पुसलं. "हो."

आता बायका-पुरुष एकत्रच बसतात. मला कायमचं वर ओढून ठेवलंय. कोळ्यांनी माझ्यावर संसार थाटलेत, आणि कुणाला माझी गरज नाही याचं मला काडीचं दुःख नाही. फक्त एक ऐका. तुमच्यातला कुणी कारण न सांगता अडून बसला, तर त्याच्यावर एवढ्यात डोळे वटारू नका. आधी विचारा, बाबा रे, संध्याकाळी घरी जेवायला तुझ्यासोबत कोण असतं?