पंचमी खाडीला सोडली

गेल्या वर्षी खाडीच्या चिखलात शेवंताबाईचा गुडघा मुरगळला, तेव्हापासून केतनने आईला अट घातली होती. शिवल्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढायला जायचं तर स्नेहलला घेऊन, नाहीतर घरी बसायचं. सुनेला ते जमायचं. एका साड्यांच्या दुकानाच्या गिऱ्हाइकांना घरबसल्या उत्तरं लिहायची, दिवसाचे चार तास, हवे तेव्हा. सासूने ‘चल’ म्हटलं की ती लॅपटॉप मिटून निघायची.

सोमवारी जेवताना ती म्हणाली, "आई, माझं टायमिंग फिक्स झालं. रोज दहा ते दोन. गिऱ्हाइकाने विचारलं की तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. उठायचं नाही."

"मुतायलाबी नाय?"

"तेवढं चालतं."

केतन हसला. "बरं झालं. आता आराम कर, आई."

शेवंताबाईने त्याला भाजी वाढली. ‘रोज’ एवढाच शब्द तिच्या डोक्यात बसला होता. धुतलेली टोपली तिने माळ्यावर टाकली. दोन दिवस ओट्यावर बसून ती सीवूड्सचे टॉवर बघत राहिली. खाडीकडे पाठ.

तिसऱ्या दिवशी सवयीने अंगठा बोटांच्या पेरांवर फिरायला लागला. उभ्या जन्मात तिने पाणी घड्याळावर मोजलं नव्हतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, त्यात सहा मिळवले की ओहोटीची. सासूने शिकवलेला हिशोब. मोजता मोजता ती थांबली, पुन्हा पहिल्या पेरावर आली, आणि दोन वाजायची वाट बघून आत गेली.

"पोरी, तुझे दहा ते दोन कुठल्या तिथीला येतात?"

"नोकरीला कुठे तिथी असते?"

"पान्याला असते. लिव. षष्ठीला ओहोटी साडेदहाला. अष्टमीला बाराला. दशमीला दीडला."

स्नेहलने लिहिलं. "म्हणजे सगळे दिवस गेलेच की."

"गेले तं गेले. ते भांगाचे दिवस. पानी धड वसरत नाय, शिवल्या काय तुझ्या लॅपटॉपात मिळनार? अष्टमीला मी तुला कदी हाक मारली?"

स्नेहलने आठवून पाहिलं. कधीच नाही. हाक यायची ती पुनवेच्या नाहीतर अवसेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत.

तिने कागदावर पाऊण-पाऊण तास मागे मोजलं. "आणि चतुर्थी? नऊला ओहोटी. धावत यावं लागेल."

"चतुर्थीला शिवल्या खातो कोन?"

"पंचमीला पावणेदहा. ते नाही जमणार, आई. खरंच."

शेवंताबाईने पंचमीच्या पेरावर अंगठा जरा वेळ दाबून धरला. वरच्या बांधाजवळची तिची शिवल्यांची जागा पंचमीलाही पाण्याबाहेर यायची. "जाऊ दे. पंचमी खाडीला सोडली."

दुजेला ओहोटी साडेसातची. स्नेहलने सहाचा गजर लावला होता. तो वाजला तेव्हा टोपली माळ्यावरून दारात आली होती आणि शेवंताबाई तिच्या बाजूला बसून गुडघ्याला पट्टा बांधत होती.

"दहाच्या आत परत," स्नेहल म्हणाली.

"चल तं आदी."