माझा धक्का आणि त्यांचे खांदे

मी एक जुनी ठासणीची बंदूक आहे. मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी माणसांची फारशी पत्रास ठेवत नाही. तोंडातून दारू ओतून घ्यायची, कापडाच्या तुकड्यात गुंडाळलेली शिशाची गोळी गजाने तळापर्यंत ठासून घ्यायची आणि वर बोलणीही खायची, असं आयुष्य काढलं असतं तर तुम्हीही असंच बोलला असता.

मला घडवणाऱ्या कारागिराचं डोकं मात्र ठिकाणावर होतं. गोळी पुढे गेली की मी मागे येणार, हे तो जाणून होता. म्हणून त्याने माझ्या दस्त्याच्या टोकाला चंद्रकोरीसारखी पितळी पट्टी बसवली. ती कोर दंडावर, खांद्याच्या सांध्याच्या जरा बाहेर, बरोबर बसते. तिथे घट्ट धरलं तर मी नुसती ढकलते. एका शिकारी घराण्याच्या तीन पिढ्यांनी मला तसंच धरलं आणि माझं कौतुक केलं.

मग मी एका नेमबाजी क्लबमध्ये आले. तिथले सभासद नव्या बंदुकांवर शिकलेले. ते मला खांद्याच्या खड्ड्यात टेकवत आणि कोरीची दोन्ही टोकं त्यांच्या अंगात रुतत. मग दुखेल या भीतीने ते मला सैल धरत. सैल धरलं की मी आदळणारच! एक दातांचे डॉक्टर तर मोठा आवाज व्हावा म्हणून दारू दुप्पट भरत. बार निघाला की खांदा धरून खाली बसत आणि म्हणत, "बंदूकच खराब आहे." रोज दुसऱ्यांचे दात उपटताना "काही दुखत नाही हो" म्हणणारा हा माणूस! आपलंही काही चुकत असेल, असं एकाच्याही मनात आलं नाही.

शेवटी सेक्रेटरींनी सभा बोलावली. माझ्या नळीत वितळलेलं शिसं ओतून मला भिंतीवर टांगायचं, असा ठराव होता. मी घाबरले, हे कबूल करते.

क्लबमध्ये मला ओळखणारं एकच माणूस होतं. गोळीभोवतीचं कापड कापून देणारी शिंपीणबाई. सभासदांचे फाटलेले कोट तिच्याकडेच दुरुस्तीला जात. माझी टोकं कुठे रुततात, ते तिला त्यावरूनच कळलं होतं. ती उठून म्हणाली, "एकदा मला उडवू द्या."

"ताई, खांदा निखळेल!" डॉक्टर हसले.

तिने ठरलेल्या मापाने दारू भरली, गोळी तळाशी ठासली, डावा पाय पुढे टाकला आणि अंग किंचित पुढे झुकवलं.

"बाही जिथे जोडतो ना, त्या शिवणीच्या बाहेर टेकवायची. खड्ड्यात नाही."

तिने मला घट्ट ओढून घेतलं आणि चाप ओढला. गोळी निशाणाच्या मधोमध लागली. मी मागे आले, ती माझ्याबरोबर जराशी हलली, बस्स. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

"तुमची दारू कमी होती," डॉक्टर म्हणाले.

"योगायोग हो," सेक्रेटरी म्हणाले.

शिंपिणीकडून शिकायचं म्हणजे यांची शान गेली असती! ठरावाच्या बाजूने सात हात वर झाले. सातही डावे. उजवे वर होण्याच्या अवस्थेत नव्हते.

शिसं वितळायला ठेवलं. शिंपीणबाईने मला टेबलावर घेतलं आणि गरम पाण्याने नळी धुवायला लागली.

"अहो, आता कशाला धुताय?" सेक्रेटरी वैतागले.

"उडवली की धुवायची असते. भिंतीवर जाणार म्हणून घाण ठेवू का तिला?"

कापड पांढरं स्वच्छ बाहेर येईपर्यंत तिने मला आतून पुसलं. मग स्वतःच्या हाताने त्यांच्या स्वाधीन केलं. ती रडली नाही. मला रडता येत असतं तर मी रडले असते.

मित्रांनो, आता मी भिंतीवर असते. खाली पाटी आहे, 'धोकादायक'. माझं एवढंच मागणं आहे. एखाद्या वस्तूने तुम्हाला दुखवलं, तर तिला नावं ठेवण्याआधी जाणत्या माणसाला विचारा, ही धरतात कशी? आणि विचारायची लाज वाटत असेल, तर निदान तिच्या तोंडात शिसं ओतू नका.