बायनाबाईबाबत खुलासा

पेपरातल्या विचित्र बातम्यांच्या चौकटीवर माझा फार जुना राग आहे. शेवटच्या पानावर, खाली डाव्या हाताला ती असते. कुठं दोन तोंडांचं वासरू झालं, कुठं बटाट्यात गणपती निघाला, कुठं एकानं बायकोशी अकरा वर्षं अबोला धरला आणि बाराव्या वर्षी मीठ मागितलं. माणसं वाचनालयात येतात, अग्रलेखावर चहाचा कप ठेवतात आणि ही चौकट मोठ्यानं वाचून दाखवतात. मी मन्मथप्पा. गावात किराणा दुकान चालवतो आणि दुपारी बारा ते चार दूध संस्थेच्या वरच्या खोलीतलं वाचनालय उघडं ठेवतो. पगार नाही. गावानं मला मान दिलाय असं मी समजतो. माझी बायको दानम्मा म्हणते, दुपारचं तुम्ही घरात नको म्हणून देवानंच ही सोय केली.

तेरा सालच्या दुष्काळात त्या चौकटीत आमचंच गाव आलं.

‘छावणीतल्या म्हशींना पुस्तकांची गोडी!’ असा मथळा. खाली फोटो. संस्थेचे चेअरमन गहिनीनाथ यांची सूनबाई गॉगल डोक्यावर सरकवून, हातात पुस्तक धरून उभी आणि शेजारच्या म्हशीनं त्याच पुस्तकाकडं जीभ काढलेली. बातमीत म्हटलं होतं की सूनबाई रोज छावणीत येऊन पुस्तक वाचतात, म्हशी माना डोलावतात आणि दूध वाढलंय. दूध वाढलंय! ज्या चारा-छावणीत टँकर आला नाही तर जनावरांची नाकं कोरडी पडायची, तिथं दूध वाढलंय. मी तो पेपर वाचून टेबलावर आपटला. खाली संस्थेत फॅट मोजत बसलेला सटवा विचारायला वर आला, काय पडलं म्हणून.

खोटं किती असावं त्यालाही काही माप आहे. छावणीत पुस्तक वाचलं जात होतं, हे खरं. पण वाचणारी सूनबाई नव्हती आणि ऐकणाऱ्या म्हशी नव्हत्या. वाचत होती बायना.

बायना आमच्या गावची लेक, उत्तरेश्वरची धाकटी बहीण. सासर नांदूरघाट, तालुका केज. नवरा भारत पुण्याला वॉचमन. तिच्या सासरी छावणी मंजूर व्हायची होती आणि दारात एक गाभण लाल कंधारी गाय. कडबा संपला तेव्हा बाईनं गाय टेम्पोत घातली आणि माहेर गाठलं. आमची छावणी संस्थेनंच चालवायला घेतलेली, गायरानात हिरव्या जाळीखाली सव्वाचारशे जनावरं. नियम असा की जनावर याच गावचं पाहिजे. पण लेक दुष्काळात गाय घेऊन दारात आली तर तिला माघारी कसं लावायचं? गावानं तोंडातून शब्द न काढता वाट काढली. बायनाची गाय रजिस्टरात उत्तरेश्वरच्या नावावर लागली, कानात बिल्ला बसला. अशा नऊ लेकी होत्या. त्यांच्या गायी, बैल, सगळे भावांच्या नावांवर. हे सगळ्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं, आणि कुणीच बोलत नव्हतं.

सकाळचं चारावाटप उरकलं की छावणीत दुपारभर काही काम नसायचं. जनावरांजवळ घरटी एक माणूस, बहुतेक बाईच. पहिल्याच आठवड्यात बायना वाचनालयाचा जिना चढून आली.

“आप्पा, एखादं पुस्तक द्या की. जाडं द्या. पातळ लगीच संपतं.”

नियमाप्रमाणं सभासद नसलेल्याला पुस्तक देता येत नाही. मी नियम मोडत नाही. मी माझ्या स्वतःच्या नावावर पुस्तक काढलं आणि तिला दिलं. जुनी कादंबरी होती, मुखपृष्ठ गेलेलं, शेवटची सोळा पानं वाळवीनं नेलेली. सातवी शिकलेली बायना दावणीला पाठ लावून बसायची आणि खणखणीत आवाजात वाचायची. आधी शेजारची छबुबाई ऐकायला आली, मग गीताबाई, मग वीस-बावीस जणी. चारला वाचनालय बंद करून मीही कडेला जाऊन उभा राहायचो. बाया नुसत्या ऐकत नव्हत्या. कादंबरीतल्या सासऱ्याला शिव्या घालायच्या. “त्याला बडवा की कुणीतरी!” असं छबुबाई ओरडायची. पानं संपली तेव्हा बायनानं तीन दुपारी शेवट मनानं रचून, कोऱ्या चेहऱ्यानं पुस्तकात बघत सांगितला. तो मनचा आहे हे मला कळलं, कारण मी ती पानं शाबूत असताना पुस्तक वाचलंय. तिचा शेवट बरा होता. सासरा शेवटी माफी मागतो. मूळ लेखकाला तेवढं धाडस झालं नव्हतं.

वाचनालयात मी पंचवीस वर्षं बसतोय. माणसांनी पुस्तकाशी असं भांडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आणि पेपरवाला एक दिवस गाडीतून उतरला, चेअरमननं बायनाच्या हातातलं पुस्तक काढून सुनेच्या हातात दिलं, फोटो निघाला, गाडी गेली. पुस्तक परत देताना सूनबाई “थँक्यू” म्हणाली म्हणे.

मी पत्र लिहायला बसलो तेव्हा दानम्मा तांदूळ निवडत होती.

“बायनाला इचारलं का?” ती म्हणाली.

“यात विचारायचं काय? तिचंच नाव मोठं करतोय.”

“तिचं नाव हाय. तिला इचारावं.”

“तुला छापील शब्दाची किंमत कळत नाही,” मी म्हणालो. ती खडे बाजूला काढत राहिली.

पत्र मी मन लावून लिहिलं, हे कबूल करतो. मोघम लिहिणाऱ्यांचा मला तिटकारा आहे. ‘एक महिला’, ‘संबंधित व्यक्ती’ असलं मी लिहीत नाही. मी लिहिलं, ‘सदर वाचन सौ. बायनाबाई भारत ठोंबरे, रा. नांदूरघाट, ता. केज, या करीत असून त्या आपल्या गाईसह गेले दोन महिने या छावणीत राहत आहेत. आपल्या वार्ताहराने म्हशीचा जबाब घेतला, वाचणाऱ्या बाईचा मात्र घेतला नाही.’ शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं. आमच्यात लग्न झालेल्या बाईचा मान राखायचा तर सासरच्या नावागावासकटच लिहायचं. मी मान राखला.

पत्र छापून आलं, एक शब्द न कापता. मी दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना ते दाखवलं. गुळाची ढेप बांधून दिली तीसुद्धा दुसऱ्या पेपरात.

चौथ्या दिवशी मंडळ अधिकारी छावणीत आले. हातात माझं पत्र, लाल पेनानं एक ओळ अधोरेखित. त्यांनी उत्तरेश्वरची दावण काढायला सांगितली. रजिस्टरात त्याची चार जनावरं होती. चौथीचा बिल्ला पाहिला आणि बायनाला विचारलं, “नांदूरघाटच्या त्या बाई कोण?”

बायना गाईच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. गाय नववा महिना संपवत आलेली, पोट खाली उतरलेलं.

साहेब माणूस वाईट नव्हता, हे मला राग आवरून लिहावं लागतंय. ते म्हणाले, “मला आधीपासून दिसत नव्हतं, असं नाही. पण आता पेपरात आलंय. वरून विचारणा झालीय. दुसऱ्या तालुक्याचं जनावर दोन दिवसांत बाहेर काढा, नाहीतर अख्खी छावणी तपासायला माणसं येतील.” अख्खी छावणी म्हणजे त्या नऊ लेकी. आणि बाहेर म्हणजे साठ-सत्तर किलोमीटर, जिथं दारात काडीचा चारा नाही.

त्याच दिवशी चारला, वाचनालय बंद करायच्या वेळी, गहिनीनाथ स्वतः जिना चढून आले. चेअरमन झाल्यापासून ते पहिल्यांदाच वर येत होते. खुर्चीवर बसले, कपाटांकडं बघितलं.

“आप्पा, आमी डोळे झाकले व्हते,” ते म्हणाले. “तुमी साहेबाचे उघडले. कावून?”

“तुम्ही तिचं श्रेय सुनेला दिलंत!” मी उसळून म्हणालो. “एवढं वाटलं नाही तुम्हाला?”

“दिलं. बरूबर हाय. पोरीला फोटूची हौस, मला पुढच्या इलेक्शनची. शिव्या द्या. पर मी गाय न्हाई हलवली आप्पा.”

त्या वाक्याचा मला अजून संताप येतो. हा माणूस खोटारडा आहे, दुधाच्या पुढारकीवर पोसलेला आहे, आणि त्या दिवशी त्याचं बरोबर होतं.

त्यांनी साहेबांशी बोलून तोड काढली होती. मी पेपरात खुलासा द्यायचा. नांदूरघाटच्या बायनाबाई भावाला भेटायला एक दिवस आल्या होत्या, त्यांची गाय छावणीत नाही, माझी ऐकीव माहिती चुकली. वाचन सूनबाईंनीच केलं.

“आन् एक लिवा,” गहिनीनाथ म्हणाले. “बाईला लिहिता-वाचता येत न्हाई. मंजे इषयच मिटला. वाचताच येत न्हाई तर ती कशाला वाचंल?”

“ते मी लिहिणार नाही.”

“मग वरचे साहेब इचारणार, बाईला वाचता येतं तर तिनंच वाचलं न्हाई कशावरनं?”

मी पेन खाली ठेवलं. बाकीचं सगळं लिहिलं असतं, माझी चूक, माझा मूर्खपणा, म्हशींचं डोलणंसुद्धा. ते एक वाक्य लिहायला हात तयार होईना. मग दानम्माचं बोलणं आठवलं आणि कान तापले. उठलो आणि छावणीत गेलो.

बायना गाईपुढं उसाचे वाढे टाकत होती. मी सगळं सांगितलं. माझा आवाज चढला होता, कशावर ते मला माहीत नव्हतं. शेवटी म्हणालो, “पोरी, मी चुकलो. तुला विचारायला पाहिजे होतं. आता विचारतो. लिहू का तसं?”

तिनं हातातली पेंढी खाली ठेवली. मला वाटलं रडेल. मला तर वाटत होतं तिनं शिव्या द्याव्यात.

“आप्पा, तुमाला लई राग आलता माझ्यासाठी,” ती म्हणाली. “मला कुणाचाच राग आला नव्हता. मला गाय इथं जगवायची व्हती. दुपारी टाइम जायचा म्हणून वाचत व्हते.”

“पण हे खोटं आहे!”

“हाय की. लिवा.”

मी लिहिलं. माझ्याच अक्षरात, कारण गहिनीनाथांच्या माणसानं लिहिलं असतं तर ‘खुलासा’ शब्दातच दोन चुका केल्या असत्या. खाली सही केली, मन्मथप्पा, ग्रंथपाल. आयुष्यात सहीचा कधी एवढा राग आला नव्हता. सहीनं काही केलं नव्हतं, पण कुणावर तरी काढायला पाहिजे होता.

खुलासा छापून आला. दोन दिवसांनी साहेब येऊन रजिस्टरावर शेरा मारून गेले. गाय राहिली. नऊ लेकींच्या सगळ्या जनावरांचे बिल्ले कानात राहिले. उत्तरेश्वर दुकानात येऊन नुसता उभा राहिला आणि काही न घेता गेला. दानम्मा मला त्या दिवसांत एक शब्दही टोचून बोलली नाही, तेही मला लागलं.

खुलासा छापून आला त्याच दिवशी चारनंतर मी छावणीत गेलो होतो, बायनाची पुन्हा माफी मागायला. जाळीखाली नेहमीचं कोंडाळं होतं, वीस-बावीस बाया. मध्ये बायना बसलेली, आणि हातात पुस्तक नव्हतं, पेपर होता. मला बघून ती थांबली नाही. खणखणीत आवाजात, एकेक शब्द सुटा करून वाचत होती. ‘मी दिलेली माहिती ऐकीव व चुकीची होती. सौ. बायनाबाई या केवळ एक दिवस भावास भेटावयास आल्या होत्या. त्यांची गाय छावणीत नाही. तसेच सदर महिलेस लिहिता-वाचता येत नाही.’

“कुणाला येत न्हाई गं?” छबुबाईनं विचारलं.

“मला,” बायना म्हणाली, आणि पुढची ओळ वाचायला लागली.