उभ्या गाडीचा चढलेला आवाज

मी नारायण पेठेतली एक जुनी चारचाकी बोलतेय. माझा रंग पांढरा आहे, असं कागदपत्रं सांगतात. माझ्या पोटात कार्बोरेटर आहे. पेट्रोलमध्ये हवा कालवून इंजिनाला भरवणारं हे भांडं हल्लीच्या गाड्यांत नसतं, त्यामुळे हल्लीच्या गॅरेजवाल्यांना माझ्यात रस नसतो. मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही.

माझे मालक दिगंबरराव. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. मी नवी कोरी आले तेव्हापासून माझं बॉनेट उघडलं ते त्यांनीच. "गॅरेजवाले गाडी सुधारत नाहीत, मालकाला बिघडवतात," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतात. त्यांच्या पत्नी हेमाताई. परवाना त्यांच्याकडेही आहे, पण स्टिअरिंग त्यांच्या वाट्याला कधी आलं नाही. दुरुस्तीच्या वेळी टॉर्च धरणं मात्र त्यांच्याकडे असतं.

दसऱ्याला लोक गाडीला बाहेरून हार घालतात. दिगंबरराव इंजिनाची पूजा करतात. "हार लोकांसाठी, पूजा राबणाऱ्यासाठी," असं म्हणून हळदकुंकू वाहतात आणि कार्बोरेटरशेजारच्या नळीला लाल दोरा बांधतात. यंदाही बांधला. फक्त यंदा तो नळीला न बसता ॲक्सिलरेटरच्या लिव्हरला बसला. लिव्हर नळीशी जखडली आणि पाय काढला तरी पूर्ण मागे जाईना. मला कळलं. पण गाडीला सांगता कुठे येतं?

झालं, मी उभ्या उभ्या ओरडू लागले. सिग्नलला थांबले तरी चढावर असल्यासारखी घरघर. क्लच थोडा सुटला की मी पुढे झेपावायची. केळकर रस्त्यावर एका रिक्षाला मागून टेकले. रिक्षावाला शांतपणे उतरला आणि म्हणाला, "काका, ब्रेक मधला असतो."

हे खराडीला कळलं. तिथे त्यांचा मुलगा सौमित्र नोकरी करतो. रविवारी येऊन तो माझ्याकडे न बघताच बोलला, "बाबा, एंजॉय केलीत ना इतकी वर्षं? आता स्क्रॅपला देऊ. आणि डोळ्यांचं ऑपरेशन कधी करताय?"

"पिकू दे की मोतीबिंदू. घाई कसली? आणि गाडी पुढच्या रविवारपर्यंत ठीक करतो. नाही झाली तर ने."

मला भीती वाटली, हे कबूल करते.

मग तपासणी सुरू झाली, आणि ती अगदी शास्त्रशुद्ध होती. थंड इंजिन सुरू करताना ओढतात तो चोक पाहिला, तो मोकळा होता. पायाखालची चटई काढली. कुठून जादा हवा शिरतेय का, म्हणून सांध्यांवर साबणाचं पाणी मारलं. माझा आवाज तसाच. शेवटी आवाज कमीजास्त करणारा स्क्रू त्यांनी पार बाहेर काढत आणला, तरी ढिम्म फरक नाही.

शनिवारी ते थकून म्हणाले, "पाठ धरलीय माझी. हेमा, तो स्क्रू लिव्हरला टेकलाय का, बघ जरा."

पाठ काही धरली नव्हती. हेमाताईंना ते ठाऊक होतं. त्या वाकल्या.

"टेकलेला नाही. टेकेल कसा? दोरा आहे ना मध्ये."

"कुठे?"

"अहो, समोर. लाल."

दिगंबरराव वाकले. नाक जवळजवळ कार्बोरेटरला लागलं. टॉर्चचा झोत त्या दोऱ्यावरच होता. ते नुसते बघत राहिले. मग बोटं चाचपडत गेली आणि गाठीवर थांबली. गाठ त्यांचीच, दुहेरी.

हेमाताईंना टोमणा मारता आला असता. पुण्यात त्यासाठी मुहूर्त लागत नाही. पण त्या कात्री आणायला गेल्या. आल्या आणि त्यांनी दोरा कापला. लिव्हर सरकन मागे गेली, आणि स्क्रू पार बाहेर असल्यामुळे मी बंदच पडले.

"गेली?" दिगंबररावांनी विचारलं.

"गेली नाही. काय करायचं ते सांगा."

दिगंबररावांनी हात पुसले. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर हेमाताईंच्या हातात दिला. माझ्या आयुष्यात प्रथमच. "दोन फेरे आत घे. आता मी चालू करतो. आणखी थोडा. हळू. अर्धा फेरा. थांब!" त्यांचे कान अजून शाबूत आहेत. "आता बरोबर."

मी इतकी हळू चालत होते की वाड्यापलीकडचा कुकर ऐकू येत होता.

दिगंबरराव चालकाच्या जागेवरून उतरले, मला वळसा घालून डावीकडे आले आणि दार उघडून बसले. "चल, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. एकच्या आत पोचायला हवं, नाहीतर चारपर्यंत बंद."

आता त्यांच्या एका डोळ्याचं झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. मी अजून दारात आहे. पुढच्या दसऱ्याला मला दोरा जरूर बांधा, एवढंच मागणं आहे, फक्त टॉर्च धरणाऱ्यालाही आत बघू द्या. हेमाताई मला छान चालवतात. दिगंबरराव काळा चष्मा लावून शेजारी बसतात, आणि सिग्नल आला की नसलेला ब्रेक पायाने दाबतात.